अनुभवी प्रोग्रामरांना वर्कफ्लो शिकवायचंय, सुरुवात कुठून करावी?

सातपूरकर

मंडळी, प्रश्न कामाचा आहे. तरी धागा गप्पांच्या विभागात काढलाय, कारण तांत्रिक विभागात कुत्रं फिरकत नाही.

आमची नाशिकला अंबडमध्ये छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. गिऱ्हाइकं बहुतेक कारखानेच, अंबड, सातपूर, सिन्नर आणि थोडे चाकणचे. आजवर स्टोअर, गेटपास, पगार, जीएसटी अशी कामं केली. आता एका मोठ्या गिऱ्हाइकाला खरेदीची मंजुरी, नव्या सप्लायरची नोंदणी, नापास मालाची तक्रार आणि तिचा पाठपुरावा हे सगळं वर्कफ्लो इंजिनावर हवंय, म्हणजे कामाच्या पायऱ्या आणि काय कोणाकडे थांबलंय ते सांभाळणाऱ्या तयार सॉफ्टवेअरवर. टीम उत्तम आहे. दहा-पंधरा वर्षं जावा आणि डॉटनेट कोळून प्यायलेली माणसं. आणि अडचण तिथेच आहे.

मागे बाहेरून एक ट्रेनर आणला होता. त्याने वर्कफ्लोचं चित्र काढायचा डिझायनर स्क्रीनवर उघडला, चौकोन ओढले, बाण जोडले, "बघा, कोड न लिहिता अ‍ॅप्लिकेशन!" म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. मग आमच्या मंडळींनी जो पहिला वर्कफ्लो बनवला त्यात सुरुवातीचा एक गोल, शेवटचा एक गोल आणि मधे एकच चौकोन. त्या चौकोनात जवळपास दोन हजार ओळींचा कोड. चालतंय ना? मग झालं तर.

माझं मत असं की टूल सगळ्यात शेवटी शिकवावं. पण मग आधी काय? नवख्या पोरांच्या डोक्यात आधीचं काही नसतं, त्यांचं सोपं. ज्याने आयुष्यभर चालणारं सॉफ्टवेअर लिहिलंय त्याला "आता असा विचार करू नकोस" हे कोणत्या तोंडाने सांगायचं? दोन आठवडे मिळालेत, रोज अर्धा दिवस. ज्यांनी हे शिकवलंय किंवा शिकलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

तर्रीबाज

पहिला प्रतिसाद माझा. जागा धरून ठेवतो, मिसळ खाऊन येतो.

जुनाजाणता

सातपूरकर, त्या दोन हजार ओळींना हसू नका. त्या माणसाच्या सवयीप्रमाणे तो बरोबरच वागला. आपण सगळे काय लिहीत आलो? एक विनंती येते, फंक्शनं एकामागून एक धावतात, उत्तर जातं, विषय मिटतो. दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त लागले तर आपण त्याला बग म्हणतो. इथे काम सोमवारी सुरू होतं, साहेब परदेशात असतात, सप्लायरचं बँकेचं पत्र महिन्याने येतं आणि तोवर सर्व्हर कितीदा तरी बंद-चालू झालेला असतो. वर्कफ्लोचं बहुतेक आयुष्य काहीही न करता थांबण्यात जातं. हे थांबणं म्हणजे मशीनच्या आत नेमकं काय होतं, ते कळेपर्यंत पुढचं काहीही शिकवू नका.

मी हे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज वर्कफ्लो फाउंडेशनवर शिकलो. २००६ च्या अखेरीस डॉटनेट ३.० बरोबर ते आलं होतं. आमच्या शिक्षकाने स्लाइड वगैरे काही दाखवली नाही. एक डेमो सुरू केला, वर्कफ्लो मंजुरीसाठी थांबला, आणि बाबाने सरळ कॉम्प्युटरची वायर उपटली. मशीन परत चालू केलं, मंजुरी दिली, वर्कफ्लो जिथे थांबला होता तिथून पुढे निघाला. थांबताना तो मेमरीतून निघून एसक्यूएल सर्व्हरमध्ये जाऊन बसला होता, हे मग समजावलं. वर्गात त्यानंतर कोणी जांभई दिली नाही.

मग त्याने विचारलं, वायर नेमकी कधी उपटली तर नुकसान होईल? पाठवायची ईमेल निघून गेली, पण "गेली" अशी नोंद व्हायच्या आत वीज गेली तर इंजिन ती ईमेल परत पाठवणार. ईमेलचं सोडा हो, ते पेमेंट असेल तर? त्यामुळे एखादी पायरी दोनदा चालली तरी परिणाम एकदाच व्हायला हवा. पहिल्या खेपेलाच विनंतीला एक क्रमांक चिकटवायचा आणि समोरच्याने तो क्रमांक आधी आलाय का ते बघायचं. अनुभवी माणसाला हे ऐकून माहीत असतं. पण त्याने ते हाताने मोडून पाहिलेलं नसतं.

कॉलेजरोड_कट्टा

त्या विंडोज वर्कफ्लोचं पुढे काय झालं तेही सांगा की, जुनाजाणता! २०१० साली डॉटनेट ४ मध्ये सगळं नव्याने लिहिलं, जुन्यातलं नव्यात सरळ नेता येईना. आणि डॉटनेट कोअरमध्ये तर ते आणलंच नाही. ज्यांनी त्यावर सिस्टिमा बांधल्या ते आजही हात चोळत बसलेत.

माझं मत थोडं कडू आहे. खरेदीच्या मंजुरीला इंजिन लागतं कशाला? टेबलात स्टेटसचा एक कॉलम आणि रात्री चालणारा एक जॉब. पंधरा जणांना दोन आठवडे बसवून जे शिकवणार, ते एका टेबलात मावतं.

सातपूरकर

@कॉलेजरोड_कट्टा, स्टेटस कॉलम आहे ना आमच्याकडे! त्यात पेंडिंग, पेंडिंग२, पेंडिंग_नवीन आणि पेंडिंग_साहेब अशा व्हॅल्यू आहेत. त्यातले साहेब रिटायर होऊन गंगापूर रोडला राहायला गेले. व्हॅल्यू अजून आहे.

तर्रीबाज

आलो. पेंडिंग_साहेब वाचून रस्सा नाकात गेला.

कॉलेजरोड_कट्टा

@सातपूरकर, हे दुखणं शिस्तीचं आहे, त्यावर इंजिनाचं औषध चालत नाही. ज्याला कोणत्या स्टेटसवरून कोणत्या स्टेटसला जाता येतं हे कागदावर काढता येत नाही, तो इंजिनातही पेंडिंग_साहेब नावाचा चौकोन काढेल.

बरं, तुम्हाला शिकवायचंच आहे तर एक सुचवते. पहिले दोन दिवस इंजिनाचं नावही काढू नका. त्यांना त्यांच्या आवडत्या भाषेत, स्टेटस कॉलम वापरून खरेदी मंजुरी लिहायला सांगा. मग रोज सकाळी एक मागणी वाढवा. तीन दिवसांत मंजुरी आली नाही तर आठवण पाठवा. सात दिवसांत नाही आली तर वरच्या साहेबांकडे न्या. फायनान्स आणि क्वालिटी दोघांची मंजुरी एकाच वेळी मागा. मधेच मागणी रद्द करू द्या. आणि प्रत्येक मागणी कोणाच्या टेबलावर किती वेळ पडून होती, ते दाखवा.

जुनाजाणता

+१. चौथ्या सकाळपर्यंत त्यांनी स्वतःच अर्धंमुर्धं इंजिन लिहिलेलं असेल, तेही वाईट. मग तयार इंजिन दाखवलं की ते प्रश्न विचारतील, "तुमचा टायमर टेबलात कसा साठतो? दोन सर्व्हरनी तोच टायमर उचलला तर?" हे प्रश्न ट्रेनरने विचारण्यापेक्षा त्यांच्याकडून यावेत.

कॉलेजरोड_कट्टा

किंवा त्यांना कळेल की अर्धंमुर्धंच पुरेसं होतं. तेही शिक्षणच आहे. :)

रिमोट_रामकुंड

उशिरा आलो. द्वारका सर्कलला अडकलो होतो, त्यात सिंहस्थाची खोदकामं. असो.

तुम्ही सगळे चौकोन-बाणांवरच का अडकलात? अनुभवी प्रोग्रामरला चित्रं नको असतात, त्याला कोड हवा असतो. टेम्पोरल दाखवा. उबरमध्ये केडन्स नावाचं इंजिन बनलं, त्यातून हे वेगळं निघालं. वर्कफ्लो साध्या जावात किंवा गोमध्ये लिहायचा. "तीस दिवस झोप" ही खरंच एक ओळ असते आणि ती तीस दिवस टिकते, सर्व्हर मेला तरी. माझ्या टीमला हे एका दुपारी पटलं.

जुनाजाणता

पटलं एका दुपारी, पण कळलं कधी? टेम्पोरलमध्ये तर खड्डा जास्त खोल, कारण वरून सगळं ओळखीचं दिसतं. वर्कफ्लो परत उचलताना इंजिन तुमचा कोड सुरुवातीपासून पुन्हा चालवतं आणि इतिहासाशी ताडून बघतं. म्हणून त्या कोडमध्ये थेट घड्याळ बघायचं नाही, रँडम आकडा घ्यायचा नाही, डेटाबेसला हात लावायचा नाही. ही कामं अ‍ॅक्टिव्हिटीत, म्हणजे वर्कफ्लोबाहेरच्या वेगळ्या फंक्शनात टाकायची. पंधरा वर्षांची सवय असलेला माणूस चालू वेळ विचारणारी ओळ डोळे मिटून लिहितो. टेस्टमध्ये चालतं. मग एक दिवस सर्व्हर बदलतो आणि इतिहास जुळत नाही म्हणून शेकडो वर्कफ्लो अडकून बसतात.

रिमोट_रामकुंड

हे मान्य. आमच्याकडे नियमच आहे, जुने वर्कफ्लो चालू असताना कोडमध्ये दोन ओळींची अदलाबदल करायची तरी जुन्या आणि नव्या व्हर्जनला वेगळ्या वाटा ठेवूनच करायची. आणि एकाच वर्कफ्लोला अनंत काळ फिरवत ठेवायचं नाही, इतिहास सुमारे ५० हजार नोंदींना पोचला की इंजिन तो थांबवतं. त्याआधी नवा सुरू करून सूत्रं त्याच्याकडे द्यायची.

तरी चित्रापेक्षा कोड बरा. कोडचा फरक गिटमध्ये, म्हणजे कोडचे बदल जपणाऱ्या टूलमध्ये दिसतो. तुमच्या डिझायनरने बनवलेल्या एक्सएमएलचा फरक कधी वाचलाय का कोणी?

मोजणीचिठ्ठी

नमस्कार. मला प्रोग्रामिंग येत नाही, महसूल खात्यातून निवृत्त झालो. चिरंजीव याच क्षेत्रात आहेत, त्यांनी धागा दाखवला. वर कोणी म्हटलं की चित्रं नकोत. मला वाटतं चित्र प्रोग्रामरसाठी नसतंच, ते माझ्यासारख्यासाठी असतं. कोड मला वाचता येणार नाही, पण चित्र चुकलं असेल तर मी बोट ठेवून सांगेन.

चिरंजीवांनी सरावासाठी फेरफाराच्या नोंदीचं चित्र काढलं होतं. खरेदीखत झालं, तलाठ्याने गाव नमुना ६ मध्ये नोंद घेतली, पंधरा दिवस थांबले, मंडल अधिकाऱ्याने प्रमाणित केली, सातबारा बदलला. चार चौकोन आणि एक घड्याळ. मी विचारलं, नोटीस कुठे आहे? जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस जाते, आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. आता वारस पाच. एक इथे, एक सुरतेला, एकाचा पत्ता चुकीचा. नोटीस सगळ्यांना एकाच दिवशी पोचत नाही. मग तुझं घड्याळ कोणाच्या दिवसापासून सुरू झालं?

नंतर त्याने हरकत आल्यावर "नोंद रद्द" असा बाण काढला. हरकत आली म्हणून नोंद रद्द होत नाही. ती वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते, हरकत घेणाऱ्याला पोच द्यावी लागते, सुनावणी होते आणि मग निर्णय. तो मंजुरीचाही असू शकतो. आणि नोंद घेणाऱ्यानेच ती प्रमाणित करायची नाही, म्हणून ती दोन कामं एकाच लॉगिनला करता येता कामा नयेत. हे त्याच्या चित्रात कुठेच नव्हतं, कारण त्याने कोणाला विचारलंच नव्हतं.

निफाडकर_थंडी

काका, दंडवत! एक विचारू का? आमच्या वडिलोपार्जित गटाची वारसनोंद अडकून बसलीय. हरकत कोणाचीच नाही, तरी प्रमाणित होत नाही. काय करावं?

मोजणीचिठ्ठी

आधी नोटिसा सगळ्यांना बजावल्याची पोच लागली आहे का ते बघा. बहुतेक वेळा घोडं तिथेच अडतं. ऑनलाइन फेरफाराची स्थिती दिसते, ती बघून तलाठी कार्यालयात जा. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.

पाथर्डीफाटा

काका, माझंही एक आहे. सातबाऱ्यावर जुना बोजा दिसतोय, बँकेचं कर्ज फेडून झालंय...

सातपूरकर

अहो पाथर्डीफाटा, काकांसाठी वेगळा धागा काढा, मी स्वतः पहिला प्रश्न विचारतो तिथे. :)

काका, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून बोर्डाला लावणार आहे. सराव म्हणून फेरफारच घेतो. आमच्यातल्या निम्म्या लोकांची गावाला जमीन आहे, प्रक्रिया कोणाला परकी वाटणार नाही. आणि पदाचं नाव बदललं की किती ठिकाणी कोड बदलावा लागतो तेही आपोआप तपासलं जाईल.

निफाडकर_थंडी

पोच नाहीये काका. तीच भानगड निघाली. धन्यवाद _/\_

सर्किटहाऊस

आता चित्राच्या भाषेबद्दल लिहितो. बीपीएमएन म्हणजे प्रक्रियेची चित्रं काढायची ठरलेली चिन्हभाषा. ती शिकवताना लोक हमखास पूर्ण तक्ता भिंतीला लावतात आणि वर्ग झोपवतात. बीपीएमएन २.० हे ओएमजी संस्थेने २०११ मध्ये काढलं, त्याचा दस्तऐवज पाचशेहून जास्त पानांचा आहे. रोजच्या कामाला सुरुवात, शेवट, माणसाचं काम, सर्व्हिसचं काम, दोन प्रकारचे गेटवे (वाटा फुटतात किंवा जुळतात ती जागा), टायमर आणि निरोप एवढं भरपूर झालं. बाकीचं लागेल तेव्हा.

पण या थोड्यातल्याही गेटवेवर एक दिवस घालवा. अनुभवी लोक तिथेच पडतात, कारण त्यांना तो "इफ" वाटतो. एकच वाट निवडणाऱ्या गेटवेने फाटे फोडले आणि पुढे जुळवताना समांतर गेटवे लावला, तर तो कधीच न येणाऱ्या दुसऱ्या फाट्याची वाट बघत जन्मभर बसतो. एररही येत नाही. उलट केलं, म्हणजे समांतर फोडून साध्या गेटवेने जुळवलं, तर पुढचं काम दोनदा होतं. एकाच मागणीच्या दोन पर्चेस ऑर्डर सप्लायरला गेल्यावर कळतं.

हे शिकवायची माझी पद्धत अशी. चित्र मोठ्या कागदावर काढायचं आणि त्यावर रुपयाची नाणी ठेवून चालवायची. समांतर गेटवेला एक नाणं आलं की दोन बाहेर, जुळवताना दोन्ही आल्याशिवाय एक पुढे नाही. कार्ल अ‍ॅडम पेट्रीने १९६२ च्या प्रबंधात जी जाळी मांडली तिचं हेच सूत्र आहे. नाव सांगितलं नाही तरी चालेल, नाणी मात्र हवीत. टीम लीड मंडळींना टेबलावर वाकून नाणी सरकवायला आधी लाज वाटते. मग नाणं अडकलं की भांडायला लागतात.

तर्रीबाज

नाणी शेवटी कोणाकडे जातात? प्रशिक्षणाला यायची इच्छा आहे.

द्राक्षबाग_पिंपळगाव

मी बागायतदार, पण मुलीने दाखवल्यामुळे वाचतोय. निर्यातीच्या द्राक्षाचं बघा. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट साइटवर आधी प्लॉटची नोंदणी, मग लॅबचा माणूस येऊन नमुना घेणार, औषधांच्या अंशांचा रेसिड्यू रिपोर्ट, मग पॅकहाऊस, अ‍ॅगमार्क, शेवटी माल कीड-रोगमुक्त असल्याचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट. प्रत्येक टप्प्याला ऑफिस वेगळं. तुमची ती वर्कफ्लो का काय म्हणता, ती आम्ही दरवर्षी जगतो.

पण तुमच्या चर्चेत एक राहिलं. २०१० साली युरोपात आपली द्राक्षं क्लोरमेक्वाट म्हणजे सीसीसीच्या अंशावरून अडकली. वेलीची वाढ रोखायला ते वापरत. त्यावर्षी इथे किती घरं हादरली ते विचारू नका. मग ते तपासणीत आलं. आता तुमच्या कॉम्प्युटरवाल्यांना माझा प्रश्न. तपासायच्या औषधांची यादी हंगामाच्या मधे बदलली, तर ज्याचा नमुना जुन्या यादीवर पास झालाय पण माल अजून वेलीवर आहे, त्याचं काय करणार?

जुनाजाणता

दादा, या प्रश्नावर अख्खा एक दिवस ठेवा असं मी सातपूरकरांना सांगणार होतो, तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडला.

साध्या सॉफ्टवेअरमध्ये नवं व्हर्जन टाकलं की जुनं संपलं. इथे जुन्या नियमावर सुरू झालेली कामं अर्ध्यावर उभी असतात. बहुतेक इंजिनांत जुनी कामं जुन्या चित्रावरच पुढे जातात आणि नवी नव्यावर, हे आपोआप होतं. पण ते बरोबर आहे का, हे इंजिन सांगू शकत नाही. काही वेळा जुन्यांना जुन्यावरच पूर्ण होऊ द्यायचं, काही वेळा उचलून नव्या चित्रावर ठेवायचं, काही वेळा परत पहिल्या पायरीला न्यायचं. तुमच्या उदाहरणात बहुधा परत नमुना घ्यावा लागेल.

याच संदर्भात जावावाल्यांना एक आवर्जून सांगा. वर्कफ्लोच्या व्हेरिएबलमध्ये अख्खं ऑर्डरचं ऑब्जेक्ट सिरियलाइज करून कोंबायचं नाही. फक्त ऑर्डर नंबर ठेवा, बाकी आपल्या टेबलात. सहा महिन्यांनी त्या क्लासमध्ये कोणी एक फील्ड बदलतो आणि जुनी थांबलेली कामं उघडतच नाहीत. हे मी एका बँकेच्या कामात जवळून पाहिलंय, कर्जाच्या फायली अशाच बंद पेटीत गेल्या होत्या.

प्राचार्य_नको

मी मोठ्या माणसांनाच शिकवते, म्हणून थोडं माणसांबद्दल. अनुभवी प्रोग्रामरला तुम्ही विद्यार्थ्यासारखं बाकावर बसवलंत की तो लॅपटॉप उघडून स्वतःचं काम करायला लागतो. त्यात ज्युनियरसमोर चुकायची धास्ती. म्हणून सगळ्यात सिनियर माणसाला मोडण्याचं काम द्या. बाकीच्यांनी वर्कफ्लो बांधायचा आणि त्याने तो कुठे तुटेल ते शोधायचं. त्याचा अनुभव तिथे खरोखर कामाला येतो, आणि दोन दिवसांत तो स्वतः बांधायला मागतो.

दुसरं, कारखान्यातली खरेदी खात्याची व्यक्ती वर्गात बसवा, मॅनेजर नको. मॅनेजर सांगतो प्रक्रिया कशी असायला हवी. क्लार्क सांगेल कशी आहे. एका कारखान्यात मंजुरीच्या चित्रात साहेबांचा चौकोन होता. क्लार्क बाई हळूच म्हणाल्या, साहेब टूरवर असले की त्यांचा पासवर्ड आमच्याकडेच असतो. वर्गातल्या कोणालाही तोवर "रजेवर असताना मंजुरीचा अधिकार दुसऱ्याला देणे" ही सोय सुचली नव्हती. ती सोय दिली नसती तर नव्या सिस्टिमचाही पासवर्ड त्यांच्याकडेच गेला असता.

पाथर्डीफाटा

आमच्याकडे ओटीपी येतो म्हणून साहेबांचा फोनच ठेवून घेतात.

मोजणीचिठ्ठी

काम साहेबांकडे अडून राहण्यावर शासनाने तोड काढलेली आहे. २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम बघा. प्रत्येक सेवेला दिवस ठरलेले आणि पदनिर्देशित अधिकारी ठरलेला. मुदतीत काम झालं नाही तर नागरिक पहिल्या अपिलात जातो, मग दुसऱ्या, मग आयोगाकडे. तुमचं ते वरच्या साहेबांकडे नेणं कायद्यातच आहे. फरक एवढाच की ते नागरिकाने मागितल्यावर सुरू होतं, मुदत संपली म्हणून आपोआप नाही.

सर्किटहाऊस

काकांचा हा शेवटचा फरक बारीक आहे आणि अगदी शिकवण्यासारखा. टायमर वाजला की पहिलं काम काढून घ्यायचं, की पहिलं चालू ठेवून बाजूने आठवण पाठवायची, की काहीच न करता समोरच्याला अपिलाचा हक्क फक्त खुला करायचा? डिझायनरमध्ये पहिल्या दोन घड्याळांतला फरक म्हणजे सलग रेघ आणि तुटक रेघ. तिसऱ्यासाठी वेगळा विचार करावा लागतो.

सातपूरकर

सगळ्यांचे आभार, इतकं येईल असं वाटलं नव्हतं. माझा कच्चा बेत असा ठरतोय. पहिले तीन दिवस कट्टाताईंचा स्टेटस कॉलम आणि रोज एक वाढीव मागणी. मग नाणी. मग फेरफार, कागदावरच, आणि काका सातपूरला यायला तयार असतील तर त्यांच्यासमोर. दुसऱ्या आठवड्यात इंजिन, वायर उपटणे, दोनदा चालणाऱ्या पायऱ्या, टेस्टमध्ये घड्याळ पुढे ढकलणे. शेवटी चालू कामं असताना नियम बदलणे. त्यासाठी जुनाजाणतांनी व्यक्तिगत निरोपात एक परीक्षा सुचवलीय: चाळीस मागण्या मंजुरीत असताना मंजुरीची मर्यादा ५० हजारांवरून १ लाख होते, प्रत्येकाने ठरवायचं कोणती मागणी कुठे जाणार.

कॉलेजरोड_कट्टा

मर्यादेच्या परीक्षेला माझा विरोध आहे. ते प्रोग्रामरने ठरवायचंच नाही. ७० हजारांची मागणी मोठ्या साहेबांकडे आधीच पोचली असेल तर ती परत खाली आणायची का, हे कारखान्याचं ऑडिट ठरवेल. तुम्ही त्यांना चुकीची सवय लावताय.

जुनाजाणता

मग परीक्षा थोडी बदलू. प्रत्येकाने क्लार्क बाईंना विचारायच्या प्रश्नांची यादी द्यायची. कोड नंतर.

कॉलेजरोड_कट्टा

हे चालेल. मात्र बाईंनाही ठरवता येणार नाही, ऑडिटवाल्याचा नंबर घेऊन ठेवा.

मोजणीचिठ्ठी

यायला आवडेल. दुपारी चारनंतर नको, नातवाची शाळा सुटते.

नवशिका_नाशिकरोड

आत्ता सगळा धागा वाचला, भारी. पण इंजिन नेमकं कोणतं घेताय? आमच्याकडे कमुंडा ७ वर सगळं चालू आहे, तेच शिकावं का?

सर्किटहाऊस

कमुंडा ७ ची फुकट आवृत्ती २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये थांबली. ८ घ्यायचं तर ते आतून वेगळं इंजिन आहे, झीबी. ७ मध्ये इंजिन तुमच्याच जावा अ‍ॅप्लिकेशनच्या पोटात चालवता यायचं, ८ मध्ये ते बाहेर असतं आणि तुमचे वर्कर, म्हणजे वेगळे चालणारे छोटे प्रोग्राम, त्याच्याकडून कामं मागून घेतात. चित्रं बऱ्यापैकी जातात, जावा कोड तसाच जात नाही. शिवाय ८.६ पासून स्वतःच्या सर्व्हरवर प्रत्यक्ष वापरायला परवाना लागतो. मोकळं हवं असेल तर फ्लोएबल बघा, घराणं तेच, अ‍ॅक्टिव्हिटी (Activiti) नावाच्या इंजिनातून निघालेलं, अपाची परवान्याखाली.

सातपूरकर

आमच्या गिऱ्हाइकाच्या आयटीने दोन नावं दिलीत, त्यात फ्लोएबल आहे. परवान्याचं कोटेशन आलं की टाकतो इथे.